मदत हवी आहे: कोल्टनच्या (टँटलम धातूच्या खनिजाच्या) पोत्याचा खरा उगम कसा तपासायचा?

काँगोच्या उत्तर किवू प्रांतातलं रुबाया हे कोल्टन खाणींचं गाव एप्रिल २०२४ मध्ये एम२३ या सशस्त्र बंडखोर गटाने घेतलं. तिथे हाताने खणणाऱ्यांच्या पदरात फार थोडं पडतं, वसुली मात्र बंदूकधारी करतात, हे फार सलतं.

उगम नोंदवण्यासाठीच्या टॅगिंगमध्ये पोत्याला खाणीवर एक टॅग, व्यापाऱ्याकडे दुसरा. दोन्हीकडे वजनाची नोंद. गफलत पहिल्या टॅगआधीच होते. माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला की कागदपत्रं स्वच्छ! भट्टीत टँटलम वेगळं झालं की उगमाची खूणच पुसते.

जर्मनीच्या बीजीआर या सरकारी भूविज्ञान संस्थेची पद्धत खनिजकणांची रासायनिक घडण ज्ञात खाणींच्या नमुन्यांशी ताडते. पण मिसळलेल्या पोत्यातले किती कण तपासले तर निकाल भरवशाचा? आणि टँटलमपासून बनणाऱ्या कपॅसिटरचा (इलेक्ट्रॉनिक सुट्या भागाचा) पुरवठादार फक्त भट्ट्यांची यादी देतो. त्याच्याकडून पोत्यांच्या वजननोंदी कशा मागाव्यात?