मुंबईत राहून पाहिलेले रंग, भिंती, लाद्या, चित्रं... तुमचे अनुभव लिहा

गिरगावकरीण:
काल ठाकूरद्वारला मामेसासूबाईंना भेटायला गेले होते, येताना मुद्दाम आमच्या जुन्या चाळीवरून आले. अर्धी पाडलीये. पुढची भिंत गेलीये, त्यामुळे आतल्या खोल्या रस्त्यावरूनच दिसतात, तीन मजले, आणि प्रत्येक खोलीचा रंग वेगळा. पिस्ता, गुलाबी, शेजारच्या काकूंचा तो चुन्यात नीळ घातलेला निळा, आणि दुसऱ्या मजल्यावर टोकाला आमचा पिवळा. जिथे कॅलेंडर असायचं तेवढा एक चौकोन अजून गडद आहे, बाकी भिंत फिकी पडलीये. पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले किती वेळ.

बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. रविवारी सकाळी मला घेऊन चालत निघायचे, धोबीतलावावरून काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही ना, त्यामुळे तीच आमची सहल. त्यांचा नियम होता, चित्रासमोर आधी जवळ उभं राहायचं, मग चार पावलं मागे, मग परत जवळ. कळलं का असं कधी विचारलं नाही, कुठला रंग आवडला एवढंच विचारायचे. बाहेर फुटपाथवर चित्रकार बसलेले असायचे त्यांच्यापाशी आतल्यापेक्षा जास्त वेळ जायचा. आतल्या समोवार कॅफेमध्ये फक्त एकदा नेलं, माझ्या दहावीच्या निकालाला. २०१५ मध्ये ते बंद झालं तेव्हा बाबा नव्हते.

तर तुम्ही इथे राहून, कामाला जाता-येता, जी मुंबई डोळे भरून पाहिलीत ती लिहा ना. पाहुण्यांना दाखवायची नको, आपली.

शेखर_डोंबिवली:
कॅलेंडरचा चौकोन वाचून गलबलून आलं हो ताई. आमच्याकडे घड्याळाचा गोल होता तसा.
मी २२ वर्षं सीएसएमटीला उतरतोय. पहिली दहा वर्षं मान वर केली नाही, ८.१२ ची लोकल चुकली तर लेटमार्क. मग एकदा पावसात गाड्या बंद पडल्या आणि चार तास बाहेर अडकलो तेव्हा नीट बघितलं. खांबांवर माकडं, मोर, पानं, कुठे कुठे घुशीएवढे प्राणी कोरलेत. यातलं बरंचसं कोरीवकाम जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय, म्हणजे आपल्या इथल्याच पोरांनी, १८८८ च्या सुमाराला! गेटवर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ बसलाय, सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. आता रोज एक नवीन प्राणी शोधतो आणि मगच ऑफिसला.

अनघा_मी:
८.१२ स्लो की फास्ट

शेखर_डोंबिवली:
फास्ट हो. स्लोने कोण जातंय

परळचा_पप्या:
आमच्याकडे रंग म्हणजे जुलै ऑगस्ट. काकांचा गणपतीचा कारखाना आहे परळला, मी बारा वर्षांचा असल्यापासून सुट्टीत तिथेच. आधी नुसतं पॉलिश पेपर घासणं, मग पाटाला रंग, मग सोंडेवरचं गंध, असं वर चढत जातो माणूस. अंगाचा रंग गनने मारतात हल्ली पण डोळे हातानेच, त्याला आखणी म्हणतात. ते काका एकटेच करायचे. रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाला की. पंखा बंद करायला लावायचे. ब्रशला चार केस उरलेले असतात, बाकी कापून टाकलेले. श्वास सोडून अर्ध्यावर थांबायचं आणि एका झटक्यात वरची पापणी. एक डोळा कोणीही काढेल, दुसरा पहिल्याबरोबर एकाच ठिकाणी बघायला पाहिजे ना, तिथे खरी परीक्षा. एकदा डोळे उघडले की कारखान्यात शिवी द्यायची नाही, बाप्पा बघतोय.
काकांना आता दिसत नाही नीट. मागच्या वर्षीपासून मी आखतो, ते खुर्ची टाकून समोर बसतात आणि मूर्तीकडे नाही, माझ्या हाताकडे बघतात.

रेवती:
पप्या, खूप सुंदर लिहिलंस रे. काकांना नमस्कार सांग.

निखिल_दादर:
शाडूच्या दीड फुटी मूर्तीचं बुकिंग कधी सुरू होतं तुमच्याकडे? मागच्या वर्षी उशीर झाला मला.

परळचा_पप्या:
जूनमध्येच या दादा. शाडूला वाळायला वेळ लागतो, पावसात तर फारच. आयत्या वेळी देता येत नाही.

लादीवाला:
गिरगावकरीणताई, चाळीतल्या लाद्या काढल्या का त्यांनी? रंग राहू दे, आधी लाद्यांचं बघा. माझं लादीकामच आहे, तीस वर्षं झाली. जुन्या चाळीत त्या फुलाफुलांच्या सिमेंटच्या लाद्या असतात, चार जोडल्या की एक पूर्ण फूल होतं. भट्टीत भाजत नाहीत त्या. पितळेच्या साच्यात रंग ओततात हाताने, प्रत्येक कप्प्यात वेगळा, मग साचा उचलायचा, मागून सिमेंट, प्रेसखाली दाबायचं आणि नंतर पाण्यात ठेवायचं. रंगाचा थर जाड असतो म्हणून साठ वर्षं घासली तरी नक्षी जात नाही. भारत टाइल्स तर १९२२ पासूनची, स्वदेशीच्या काळात सुरू झालेली, बाहेरून लाद्या यायच्या त्याला उत्तर म्हणून. डेब्रिसच्या ट्रकमध्ये जातात हो हे सगळं, बघवत नाही. मुकादमाला चहा पाजा आणि दोन-चार मागून घ्या.

गिरगावकरीण:
अय्या खरंच! आमच्या खोलीत लालकाळी चौकट होती आणि मधे पांढरं फूल. त्यावर लंगडी खेळायचो, फक्त फुलावर पाय द्यायचा. उद्याच जाते.

कुलाब्याची_लेक:
माझी आई ससून डॉकला कोळंबी सोलायला जायची. पहाटे तीनला उठायची, ट्रेनचा पहिला डबा, पाचला डॉकवर. किलोवर पैसे. बर्फाच्या पाण्याने बोटांची साल निघालेली असायची, रात्री खोबरेल लावून झोपायची. मला शाळेत लाज वाटायची त्या वासाची, हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय.
२०१७ च्या नोव्हेंबरात तिथल्या जुन्या गोडाऊनमध्ये मोठं कला प्रदर्शन भरलं होतं, आठवत असेल कोणाला. मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जाणार होते, मग म्हटलं नाही, आईला घेऊन जायचं. नवी साडी नेसली ती, गजरा घातला. भिंतींवर कोळी माणसांचे मोठाले काळेपांढरे फोटो लावलेले, पुरुषभर उंच एकेक चेहरा. आई एका म्हातारीच्या फोटोसमोर थांबली आणि म्हणाली हिच्या कानातल्या बुगड्या बघ, आता कोणी घालत नाही. मग जमिनीकडे बोट दाखवून म्हणाली मी इकडे पाट टाकून बसायचे, पावसात इथे गळायचं. आजूबाजूची चारपाच कॉलेजची पोरं ऐकत उभी राहिली, मग विचारायलाच लागली, मावशी किती किलो व्हायचं, बोटं कापायची का. अर्धा तास ती सांगत होती.
डॉक १८७५ चा आहे हे तिथल्या बोर्डावर वाचून दाखवलं तर म्हणे मग माझी आजीपण इथेच आली असणार.

रेवती:
काय लिहू. आईंना साष्टांग.

वाडीतला:
+१. डोळ्यात पाणी.
मी खोताच्या वाडीतला. आमच्याकडे शनिवार-रविवार बरीच मंडळी येतात फोटो काढायला, या, आनंदच आहे, लाकडी जिने, रंगीत कठडे, क्रूस, सगळं बघण्यासारखंच आहे. पण एक विनंती मनापासून, व्हरांड्यात चढू नका. आमची आजी दुपारी तिथे आडवी होते. एकदा डोळे उघडले तर समोर लग्नाआधीचं फोटोशूट. त्यांनी माफी मागितली, पण ती दिवसभर घाबरलेली होती. दादोबा खोतांनी ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चन) कुटुंबांना जागा दिल्या त्यावर ही घरं उभी राहिली, आता हाताच्या बोटावर नाही तरी थोडीच उरलीत. रंग दर दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो, लाकूड आहे ना, आणि लाकूडकाम जाणणारा सुतार मिळत नाही. लांबून बघा, हाक मारा, गप्पा मारायला आम्हाला आवडतं.

अनघा_मी:
हे फार बरं केलंत सांगून. आम्ही वाकून वाकून बघितलंय मागे, चढलो नव्हतो पण.

निखिल_दादर:
माझे आजोबा रविवारच्या पेपरमधल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचे, फक्त अक्षरांसाठी. कमल शेडग्यांची अक्षरं. नाटक बघायला पैसे नसायचे पण नाव वाचूनच कळायचं की हे विनोदी आहे का रडवणारं. ती वही माझ्याकडे आहे. त्यामुळे मला सवयच लागली, दादर-माटुंग्यात फिरताना मी बिल्डिंगची नावं वाचत जातो. पाचगार्डन, हिंदू कॉलनीतल्या जुन्या बिल्डिंगा बघा, सिमेंटमध्येच उठावाची अक्षरं, गोल बाल्कन्या, गेटच्या जाळीत उगवता सूर्य नाहीतर लाटा. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या बिल्डिंगांना २०१८ मध्ये युनेस्कोचा मान मिळाला, तीच आर्ट डेकोची घडण आपल्या मध्यमवर्गी दादरलाही आहे, फक्त वाळत घातलेल्या कपड्यांमागे. रिडेव्हलपमेंटमध्ये पहिलं ते नावच जातं. आमच्या बिल्डिंगचं पाडायच्या आधी मी ट्रेसिंग पेपर लावून घेतलंय.

रेवती:
आमचंपण रिडेव्हलपमेंट अडकलंय ७ वर्षं. भाडं बंद झालंय मधेच. विषय वेगळा आहे पण राहवलं नाही.

शेखर_डोंबिवली:
अरेरे. रेवतीताई, सोसायटीचे सगळे मिळून वकील केलात का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

राणीबागवाली:
भायखळ्याच्या राणीबागेत पोरांना पेंग्विन दाखवायला सगळे येतात आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला वळसा घालून निघून जातात याचं मला वाईट वाटतं. बाहेर बघा निदान! काळा घोडा ज्याच्यामुळे नाव पडलं तो खरा घोडा, सातव्या एडवर्डसकट, १९६५ पासून तिथे उभा आहे. काळा घोडा चौकात आता जो घोडा आहे तो २०१७ चा, बिनस्वाराचा. आणि घारापुरीचा दगडी हत्ती पण तिथेच. बेट एलिफंटा झालं ते ज्याच्यामुळे तो हत्ती. माझा नातू दर वेळी त्याच्या पायाला हात लावतो आणि थंड आहे का बघतो.

असल्फा_डोंगर:
मेट्रोतून जो रंगीत डोंगर दिसतो ना त्यात आमचं घर आहे, जांभळं. २०१७ संपता संपता मुलंमुली आली ब्रश घेऊन, आम्हीपण लागलो, माझी बहीण अख्खा जिना एकटीने रंगवली. पाण्याची लाईन आणि चढ तेच राहिले, पत्रा गळतो तो गळतो. पण आधी रिक्षावाल्याला पत्ता सांगायला वीस मिनिटं जायची आणि आता सांगते जांभळ्या घरापाशी. चार पावसाळ्यात रंग उडाला तर आम्ही चार घरांनी वर्गणी काढून परत आणला, सेम जांभळा मिळाला नाही, थोडा वांगी झाला.

अनघा_मी:
वांगी कलर मस्तच असतो! रविवारी येऊ का बघायला? कुठून चढायचं

असल्फा_डोंगर:
या की. असल्फा स्टेशनला उतरा, सकाळीच या, दहानंतर पायऱ्या तापतात. पाणी सकाळी येतं त्यामुळे हंडे असतात वाटेत, सांभाळून. चहा माझ्याकडे.

गिरगावकरीण:
गेले होते आज. मुकादम उत्तर प्रदेशचा, त्याने आधी नाही म्हटलं मग विचारलं कौन सा कमरा. दाखवला पिवळा. त्याने दोन लाद्या आणून दिल्या, एकीचा कोपरा उडालाय. पैसे घेतले नाहीत. लादीवाले दादा, मागचं सिमेंट कसं काढायचं ते सांगा ना, छिन्नी लावायची भीती वाटतेय.

लादीवाला:
हात लावू नका ताई. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मी ग्रँट रोडलाच असतो, येऊन करून देतो.