चिमीचं दाखल्यावरचं नाव काय ठेवावं?

घोडबंदरची आत्या: भाचीला घरात सगळे 'चिमी' म्हणतात, त्याच हाकेला ती वळते. बारसं राहून गेलं, आता जन्मदाखल्यावर नाव घालायचंय. मी 'चिन्मयी' सुचवलं. वहिनी म्हणते, त्याचं लाडकं रूप 'चिनू' होईल, 'चिमी' नाही. असा काही नियम आहे?

नौपाडावासी: लाडाची नावं व्याकरणाला विचारून पडतात होय? विश्वनाथचा विसू झालाच ना! चित् + मय, म्हणून चिन्मय. न् गळला की चिमयी, पुढे चिमी. व्युत्पत्ती चोख.

कळव्याचा काका: ओढूनताणून आणलेली. चिमी म्हणजे चिमणी, चिमुरडी, चिमुकली. अस्सल मराठी शब्दावर संस्कृतची झूल कशाला? १७३९ साली वसई घेणाऱ्या चिमाजी अप्पांना चिमणाजीही म्हणत. मुलीचं नाव सरळ 'चिमणा' ठेवा.

ऐरोलीकर: शाळेत पोरं 'रॉकेलची चिमणी' म्हणून तिला रडवतील.

कळव्याचा काका: ती चिमणी इंग्रजीतली, गिरणीची तीच. पाखराशी तिचा संबंध नाही.

ऐरोलीकर: हे चौथीच्या वर्गात जाऊन सांगणार का तुम्ही?

नौपाडावासी: मुळात दोन्ही नावं जुळायलाच हवीत कशाला? मणिकर्णिकेची मनू झाली, ते जुळलं. टिळकांचं मूळ नाव केशव, घरातलं बाळ. जगाला बाळ गंगाधरच ठाऊक!

वाशीची आजी: अगं, पत्रिका पाहिलीस का? रेवतीच्या चौथ्या चरणाला 'ची' येतं. मीन रास.

नौपाडावासी: आजी, तो 'ची' दीर्घ. चिन्मयीतला ऱ्हस्व.

वाशीची आजी: गुरुजी एवढं बघत नाहीत रे. ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क शाळेत कापतात.

ऐरोलीकर: दाखल्याचं सांगतो. १९६९च्या कायद्यात कलम १४ आहे. नावाशिवाय नोंद झाली असेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव फुकट घालता येतं, नंतर विलंब शुल्क. एकदा चढलं की बदलणं जिकिरीचं, तेव्हा भांडण आधीच उरका.

घोडबंदरची आत्या: पहिला वाढदिवस तोंडावर आलाय. आणि वहिनीने आता 'चार्मी' काढलंय.

कळव्याचा काका: चार्मी! त्यापेक्षा रॉकेलची चिमणी परवडली.

ऐरोलीकर: का हो? गुजराती घरांत असतं की. आमच्याच सोसायटीत एक चार्मी आहे.

वाशीची आजी: तिला घरात काय म्हणतात?

ऐरोलीकर: चकू.