मदत हवी आहे : आई-मावशीला फुले मंडई दाखवायचीय

पुणेकरांनो, जरा सांगा. पुढच्या आठवड्यात आई आणि मावशी नागपूरहून येतायत, दोघींना शनिवारवाडा नको, सारसबाग नको, महात्मा फुले मंडईच बघायचीय, ती १८८६ची दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि उंच गाळ्यांवर बसलेले भाजीवाले. मावशी इतिहासाची बाई, त्यामुळे मंडईचं आधीचं नाव रे मार्केट, आणि ज्या इमारतीच्या खर्चाला फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला तिलाच पुढे त्यांचं नाव, हे सगळं ऐकावं लागणारच आहे मला 😄

तर सकाळी किती वाजता गेलं की गाळे नीट लागलेले असतात पण धक्काबुक्की नसते? रविवार टाळावा ना, शेजारी तुळशीबाग म्हणजे गर्दी असणारच. आईचे गुडघे दुखतात, मेट्रोचं मंडई स्टेशन जमिनीखाली आहे तर लिफ्टने वर आल्यावर किती चालावं लागतं, की सरळ रिक्षाच करू? विक्रेत्यांचे फोटो काढलेले चालतात का, विचारून काढीनच म्हणा. आणि नंतर निवांत बसून मिसळ कुठे मिळेल, पण उभ्याने खायची नको आणि फार तिखट तर अजिबात नको.