चौघी, एक बाथरूम आणि ते पातेलं

काल कपाट आवरताना जुन्या फ्लॅटची किल्ली सापडली आणि तासभर तिथेच फतकल मारून बसले. आम्ही ४ जणी, बाथरूम १. तोंडावर भांडण कधीच नाही, सगळं चिठ्ठ्यांवर. फ्रिजवर एक: "सिंकमधलं पातेलं कुणाचं?" खाली दुसऱ्या अक्षरात: "जिने विचारलं तिचं." ९ दिवस पडून होतं. शेवटी मीच रात्री २ वाजता नळ बारीक सोडून घासलं. घासताना कळलं, माझंच होतं. तुमचेही येऊ द्या.

–

नऊच दिवस?? आमचं सिंकमधून बाल्कनीत गेलं, तिथून कचऱ्यात.

–

वायफाय माझ्या नावावर, त्यामुळे दर महिन्याला वाईटही मीच. "देतो रे" ऐकून ऐकून कान किटले. एकदा गुपचूप पासवर्ड बदलला. अर्ध्या तासात तिघांचे पैसे जमा! त्यातला एक घरात आहे हेच मला माहीत नव्हतं.

–

आमच्या तिसरीचा मित्र "दोन दिवसांसाठी" आला होता. बाथरूममध्ये चौथा टूथब्रश दिसला तेव्हा उजेड पडला. भाडं तिघींत, गरम पाणी चौघांत. बोलणार कशा? ती गुणी पोरगी, आणि भांडी घासणारा घरात तो एकटाच.

–

वरच्या ताई, तो मोकळा आहे का अजून? आमच्याकडे पातेली आहेत 😂

–

नाही हो, लग्न झालं त्यांचं. आता घासतो की नाही, विचारायला हवं.

–

मी आणि माझा रूममेट महिनाभर बोलत नव्हतो. कारण विचारू नका, पंख्याचा स्पीड. मग मला ताप भरला. दार वाजलं, उघडलं तर बाहेर थर्मामीटर आणि गोळ्या, हा पठ्ठ्या जिन्यावरून पळतोय. बरा झालो तरी आठवडाभर अबोला चालूच. पंखा मात्र २ वर.

–

अगं पंख्यावरून आठवलं, आमच्याकडे तर... बाळ उठलं, नंतर लिहिते

–

किल्ली परत नव्हती का दिलीस? डिपॉझिट कापलं असेल ना?

–

कापलं. चौघींचं मिळून. आणि मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं, माझी मी दिली म्हणून. त्यातली एक इथे वाचते 🙈

–

वाचतेय. बोलू आपण.