विषय: गावाकडच्या कोर्टातला जुना निकाल कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

घरचीच अडचण आहे पण लिस्टवर विदर्भातले बरेच जण आहेत म्हणून विचारते. आमचं गाव मंगरुळपीर तालुक्यात. बाबांनी १९८६ च्या सुमारास त्यांच्या भावावर वाटणीचा दावा लावला होता, निकाल बाबांच्या बाजूने लागला, पुढे अपीलही झालं, एवढं आईला आठवतं. आता बाबा नाहीत, त्यांचे वकीलसाहेबही नाहीत, आणि चुलतभाऊ म्हणतात की वाटणी कधी झालीच नाही, सगळं वावर सामाईकच आहे. भाऊ तिकडे एकटा पडलाय. निकालाचा एक कागद घरात नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर बाबांचं नाव टाकून पाहिलं तर काहीच येत नाही. मी इथे टोरोंटोत, भाऊ गावात, कोर्टात जाऊन त्याने नेमकं कोणाकडे काय मागायचं? की एवढ्या वर्षांनी आता काही मिळतच नाही?

मंगरुळपीरची लेक

---

बेटा, मिळतं. सगळं मिळेल असं नाही, पण निकाल आणि हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालावरून निघालेला कोर्टाचा आदेश) मिळायची आशा असते, कारण फाईलमधले बाकीचे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात (त्यासाठी १९१७ चा कायदाच आहे) आणि निकाल-हुकूमनामा त्यापेक्षा पुष्कळ जास्त काळ ठेवतात. माझी सगळी नोकरी आपल्याकडच्या दिवाणी कोर्टांत झाली, शेवटची वर्षं नक्कल विभागात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेकॉर्ड रूममध्ये माणसाच्या नावाने काही सापडत नाही, नंबराने सापडतं. रोज कास्तकार यायचे, साहेब आमच्या आज्याची केस होती, कागद द्या, आणि कोणतं कोर्ट, कोणतं साल, नंबर काय, यातलं काहीच माहीत नसायचं. कारकुनाच्या मनात कितीही असलं तरी तो काय करणार, निकाली फायली बस्त्यात बांधून सालवार नंबरवार ठेवलेल्या असतात. तेव्हा आधी नंबर.

आणि नंबर शोधायला कोर्टात जाऊ नका, आधी तलाठ्याकडे जा. हुकूमनाम्यावरून सातबाऱ्याला नावं लागली असतील तर त्याचा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, झालेला असणार आणि त्या नोंदीत कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, निकालाची तारीख लिहिलेली असते. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचे नंबर असतात, ते धरून मागे मागे जायचं. गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराचं रजिस्टर. वाशिम जिल्ह्याचे जुने फेरफार स्कॅन करून 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर टाकलेत, तुझ्या गावचे आहेत का ते तू तिथे टोरोंटोत बसून पाहू शकतेस, नसले तर भावाने तहसीलच्या रेकॉर्डमध्ये नकलेचा अर्ज द्यायचा.

फेरफारच झाला नसेल तर दुसरी वाट आहे. शेतजमिनीच्या वाटणीचा हुकूमनामा झाला की प्रत्यक्ष तुकडे पाडायचं काम कोर्ट करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली ते कलेक्टरकडे जातं, तिथून तहसीलला, मोजणीला भूमी अभिलेखला. म्हणजे हुकूमनाम्याची एक प्रत महसुलाकडेही गेलेली असू शकते. कोर्टाची फाईल सापडत नाही आणि तहसीलच्या बस्त्यात हुकूमनामा मिळतो, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसरं, अपील. अपील झालं की खालच्या कोर्टाचं सगळं रेकॉर्ड वरच्या कोर्टात मागवतात, आर अँड पी म्हणतात त्याला, आणि अपिलाच्या निकालात पहिल्याच पानावर मूळ दाव्याचा नंबर असतो. आता हे नीट लक्षात घे, १९८६ मध्ये वाशिम जिल्हा नव्हताच, तो १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. तेव्हा अपिलाचा शोध वाशिमला थांबवू नका, अकोल्याच्या जिल्हा न्यायालयातही विचारा. त्याच्यावर दुसरं अपील झालं असेल तर ते हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात.

साइटवर दिसत नाही म्हणजे दावा नव्हता असं अजिबात नाही. कोर्टात कॉम्प्युटर यायच्या आधी निकाली निघालेल्या केसेस तिथे सहसा नसतात. पण दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, पुढे बरीच वर्षं चालली असेल तर ती दिसू शकते, म्हणून परत एकदा पहा, 'डिस्पोज्ड' (निकाली) निवडून, साल बदलून बदलून, आणि बाबांचं नाही तर काकांचंही नाव टाकून. पूर्ण नाव टाकू नको. तीन-चार अक्षरं पुरतात, कारण आपल्याकडे देवराव हे इंग्रजीत कोणी 'व्ही' घालून लिहितं तर कोणी जुन्या पद्धतीने 'डी ई ओ' करून, आणि एक अक्षर चुकलं की केस समोर असून दिसत नाही.

नक्कल विभागातला एक रिटायर काका

---

काकांनी मस्त लिहिलंय. माझं एकच म्हणणं, एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाका ना, दहा रुपयांत काम, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं त्यांना. आमच्या ग्रामपंचायतीचे कागद मी असेच काढले.

वरूडचा भाऊ

---

भाऊ, ग्रामपंचायतीला, तहसीलला ते बरोबर आहे पण कोर्टाच्या फाईलला नाही चालत. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्टच सांगितलंय की कोर्टाच्या कागदांची प्रमाणित प्रत कोर्टाच्या नियमांप्रमाणेच मागायची, माहिती अधिकारात नाही, नियमात सोय असताना दुसऱ्या रस्त्याने यायचं नाही. मला हे मुद्दाम लिहावंसं वाटतं कारण लोक महिना-दोन महिने त्या अर्जाची वाट पाहतात, तो फेटाळला जातो आणि मग वाटतं कोर्ट कागद लपवतंय.

मी लग्नाआधी यवतमाळकडे वकिली केली आहे, तर अर्जाचं सांगते. नकलेचा अर्ज साधा असतो, दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोणता कागद पाहिजे, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प आणि नकलेच्या खर्चाची आगाऊ रक्कम. पावती घ्यायचीच. बाबा पक्षकार होते, तुम्ही वारस, म्हणून बाबांचा मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा कागद सोबत लावा, म्हणजे 'तुमचा काय संबंध' हा प्रश्न येत नाही. ज्याचा केसशी संबंध नाही त्यालाही प्रत मागता येते, फक्त त्याला कारण द्यावं लागतं, प्रतिज्ञापत्र करावं लागतं आणि कोर्टाची परवानगी लागते.

नुसत्या झेरॉक्सवर किंवा साइटवरून काढलेल्या पीडीएफवर समाधान मानू नका. समोरचे वाटणीच नाकारतायत तर शिक्क्याची प्रमाणित प्रतच लागणार, ती पुराव्यात चालते, आधी पुरावा कायद्याचं कलम ७६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७५.

आणि 'पूर्ण फाईल द्या' असा अर्ज करू नका ताई. आधी फाईल पाहण्याचा अर्ज द्या, वकिलामार्फत पाहा, मग कोणती निशाणी (फाईलमधला नंबर घातलेला कागद) पाहिजे ते नेमकं लिहा. वाटणीच्या दाव्यात निकालपत्र, हुकूमनामा, दाव्यासोबतची मिळकतीची यादी, आणि तडजोड झाली असेल तर ती तडजोड पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), एवढं बहुतेक वेळा पुरतं. मिळकतीची यादी विसरू नका, कोणत्या गटाचं कोणतं वावर दाव्यात होतं ते तिच्यातच असतं आणि भांडण शेवटी धुऱ्यावरच (बांधावरच) येतं.

यवतमाळची वहिनी

---

वहिनी, एक पुरवणी जोडतो. आपल्याकडे लोक ज्याला 'कोर्टात केस होती' म्हणतात ती बरेचदा दिवाणी कोर्टातली नसतेच, तहसीलदारापुढची नाहीतर एसडीओपुढची (उपविभागीय अधिकाऱ्यापुढची) असते. जुने लोक राजस्व मामला म्हणायचे. रस्त्याचा वाद, फेरफारावरचा आक्षेप, कुळाचं प्रकरण (विदर्भाला त्याचा वेगळा १९५८ चा कायदा आहे), हे सगळं तिकडे. ती फाईल कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्मभर शोधली तरी मिळणार नाही. तिथे मात्र वरूडच्या भाऊंचा माहिती अधिकार चालतो, नकलेचा अर्जही चालतो.

अजून एक, पूर्व विदर्भातल्यांसाठी. वऱ्हाडचे आणि आमच्याकडचे जुने कागद सारखे नाहीत. आमच्या चंद्रपूर-भंडाऱ्याकडे मालगुजारी (मालगुजाराने सारा गोळा करायची जुनी पद्धत) होती, त्यामुळे १९५४-५५ चं अधिकार अभिलेख (जमीन कोणाच्या हक्काची त्याची नोंद) आणि निस्तार पत्रक (गावच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) हे कागद आधी काढा, जमिनीचं मूळ तिथे सापडतं. आणि जिल्ह्याचं तेच, गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात होतं, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात.

मूलचा (जि. चंद्रपूर)

---

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. भावाला काल फोनवर सगळं वाचून दाखवलं. तो आज तहसीलला जाऊन आला आणि फेरफार सापडला हो! त्यात मूळ दाव्याचा नंबर आहे, निकालाची तारीख आहे आणि 'अपील फेटाळले' असंही लिहिलंय, अपिलाचा नंबर मात्र नाही. आई रडलीच ऐकून, म्हणते तुझे बाबा खोटं बोलत नव्हते. आम्ही कधी म्हटलंच नव्हतं तसं, पण गावात चार लोक बोलत होते ना.

आता दोन प्रश्न. अर्ज भावाने एकट्याने केला तर चालेल की माझीही सही लागेल? आणि समजा कोर्टाने सांगितलं की फाईल सापडत नाही तर?

मंगरुळपीरची लेक

---

नकलेला तुझ्या सहीची गरज नाही, भाऊही वारसच आहे, त्याने एकट्याने अर्ज केला तरी चालतं. पण पुढे चुलतभावांनी नवीन दावा टाकला तर तू पक्षकार असशील, तेव्हा आत्ताच विचार करून ठेव. भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठव आणि इकडे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला महाराष्ट्राचा स्टॅम्प लावून घ्यायला सांग. लोक कागद कपाटात ठेवून देतात आणि ऐन वेळी तो अडतो.

फाईल सापडत नाही असं नुसतं तोंडी ऐकून भावाने परत यायचं नाही. अर्ज लेखी आहे, उत्तरही लेखी मागायचं, रेकॉर्ड नष्ट झालं की सापडत नाही ते त्यावर स्पष्ट पाहिजे. तो शेरा फार कामाचा आहे, मूळ कागद हरवला किंवा नष्ट झाला हे दाखवता आलं तर दुय्यम पुरावा (मूळ कागदाऐवजी दुसरा पुरावा) देता येतो, मग हा फेरफार, तहसीलची प्रत, दाव्याच्या रजिस्टरमधली नोंद, हे सगळं उपयोगी पडतं. फाईल गेली तरी रजिस्टरमध्ये नोंद असू शकते, तिच्या नकलेचाही वेगळा अर्ज दे म्हणावं. अपिलाचा नंबर नाही तर अकोल्याला मूळ दाव्याचा नंबर आणि निकालाची तारीख देऊन शोध घ्यायला सांगा, निकालानंतरच्या एक-दोन वर्षांचं अपिलाचं रजिस्टर पाहिलं की बहुधा लागतं.

आणि भावाला सांग मे महिन्याच्या आत जा, उन्हाळ्याच्या सुट्टीत नकलेचं काम फार हळू चालतं. जाताना फेरफाराची प्रमाणित नक्कल सोबत ने म्हणावं, मोबाईलमधला फोटो नको. गट नंबर, दाव्याचा नंबर आणि तारीख एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कारकुनापुढे ठेवलं तर माझ्या अनुभवात काम निम्म्याने लवकर होतं. भावाची जायची तारीख ठरली की मला मेल कर, अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवतो.

काका