१२ एमएम प्लेटसाठी २०० अँपिअरचं वेल्डिंग मशीन पुरेल का, की थ्री फेज घ्यावं?

ट्रॉली_फॅब: ट्रॅक्टर ट्रॉलीची चासी आणि ड्रॉबारचं (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) काम आहे. चॅनल १२५ × ६५, जोडाला १० आणि १२ एमएम प्लेट. सध्या सिंगल फेजवर २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आणि दहा नंबर (३.१५ एमएम) ६०१३, म्हणजे नेहमीचा साधा रॉड. रन (वेल्डचा थर) वरून छान दिसतो, पण ड्रॉबारच्या जोडाला तडा जातो. सलग चार-पाच रॉड ओढले की मशीनचा पिवळा दिवा लागतो आणि करंट बंद. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं. ३०० घ्यावं की ४००? की सरळ मिग (रॉडऐवजी वायर आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग)?

आर्क_डीसी: खोक्यावरचा २०० हा आकडा एकटा वाचू नका. मागच्या पट्टीवर ड्यूटी सायकल बघा. २०० च्या पुढे ३०% लिहिलं असेल तर १० मिनिटांत ३ मिनिटंच तेवढा करंट मिळतो. तापणं करंटच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं, म्हणून तेच मशीन ६०% ला साधारण १४० आणि सलग चालवायला ११० अँपिअरचं उरतं. आठ नंबर, म्हणजे ४ एमएम रॉडला १४० ते १८० लागतात. पिवळा दिवा लागणारच.

तुमच्या कामाला ४०० अँपिअर, ६०% ड्यूटी सायकलचं थ्री फेज इन्व्हर्टर घ्या. ते १७० वर दिवसभर चाललं तरी दमत नाही. ३०० चं, ६०% वालं मिळालं तरी काम भागेल. पुढे ५ एमएम रॉड वापरायचा किंवा गाउजिंग (आर्कने धातू कोरून काढणं) करायचं असेल तर मात्र ४००च.

पॅनल_वायर: वीज आधी बघा. सिंगल फेजवर २०० अँपिअर काढताना मशीन लाइनमधून ४० अँपिअरच्या आसपास ओढतं, आणि १९० व्होल्टला त्याहून जास्त. १६ अँपिअरचा प्लग जळतो तो इथेच. थ्री फेजवर १७० अँपिअरला फेजमागे ९-१० अँपिअर पडतात.

होल्डर आणि अर्थिंगची केबल तांब्याची, ३५ चौरस एमएम तरी हवी; लांबी १५ मीटरच्या पुढे गेली तर ५०. अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावला की तिथे ठिणग्या उडतात, क्लॅम्प तापतो आणि आर्क तुटतो. दोष मात्र मशीनला दिला जातो.

शेतीपंपाच्या थ्री फेज जोडणीवर वेल्डिंग चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या.

रूट_रन: मशीन बदलूनही तडा थांबेलच असं नाही, कारण खरी अडचण जोडाच्या तयारीत आहे. १२ एमएमच्या दोन प्लेटा नुसत्या भिडवून वरून रन मारला तर आत अर्धीअधिक जाडी कोरीच राहते.

ग्राइंडरने प्रत्येक कड ३० अंशांनी उतरवा, म्हणजे एकूण ६० चा व्ही होतो. खाली दीड-दोन एमएम नाक (न उतरवलेली सरळ कड) सोडा, मध्ये ३ एमएम फट. पहिला रन दहा नंबर ७०१८ (लो हायड्रोजन रॉड) ने, १०० अँपिअरच्या आसपास, होल्डर मशीनच्या प्लसला. खपली पूर्ण काढा, कडेची खाच ग्राइंडरने उघडा, मग आठ नंबरने १५०-१७० वर भरत या. ७०१८ उघड्यावर पडून दमट झाला असेल तर ३०० अंशाला तासभर ओव्हनमध्ये ठेवा. ओल्या रॉडमधला हायड्रोजन थंड झाल्यावर तडा काढतो. मशीनचं ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्याआधीचं) ६५ च्या वर हवं, नाहीतर ७०१८ चिकटत राहतो.

खात्री करायची तर १२ एमएमचे दोन तुकडे टी आकारात लावा, एकाच बाजूने वेल्ड करा आणि उभा तुकडा वेल्डच्या बाजूला घणाने पाडा. मोडल्यावर कोपऱ्यात प्लेटची मूळ सरळ कड, ग्राइंडरच्या रेघांसकट दिसली, तर धातू तिथे वितळलाच नव्हता.

मिगबद्दल: ०.८ वायरचं छोटं मशीन जाड प्लेटवर धोक्याचं. रन गुळगुळीत बसतो, खाली धरत नाही. घ्यायचंच तर १.२ वायर, २०० च्या वर करंट आणि सीओ२ मिनिटाला १५ लिटर. उघड्या शेडमध्ये वारा गॅस उडवतो, म्हणून चासीला रॉडच बरा.

ट्रॉली_फॅब: ड्रॉबारच्या टोकाचा हुक ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा आहे. त्यालाही हेच?

रूट_रन: मग तडा तिथलाच असण्याची शक्यता जास्त. ईएन-८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. थंड हुकावर वेल्ड केलं की कडेचा पट्टा काचेसारखा कडक होतो. गॅसने २०० अंशापर्यंत तापवा, टेम्परेचर खडूने (ठराविक तापमानाला वितळणारा खडू) तपासा, कोरडा ७०१८ वापरा आणि झाल्यावर कोरड्या राखेत पुरून सावकाश गार होऊ द्या. पाणी अजिबात टाकू नका.