बारा वर्षांखालच्या पोरांना हेडरचा सराव नकोच

सांखळीकरीण:
परवा मैदानावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा सराव बघत बसले होते. कोचनी पोरांची रांग लावली, हाताने बॉल उंच फेकला आणि एकेकाला डोक्याने मारायला लावला. रांग संपली की परत पहिल्यापासून. बॉल पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा, आणि वर पावसात भिजलेला. शेजारच्या पालकांना म्हटलं, हे थांबवायला सांगूया का? तर हसले. ‘बाय, फुटबॉल तो, भातुकली नव्हे.’ म्हणून इथे मांडते.

माझं म्हणणं एवढंच: बारा वर्षांखाली सरावात हेडर, म्हणजे हे डोक्याने बॉल मारणं, नको. मॅचमध्ये लागला तर लागू दे.

ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या आणि तेवीस हजार सामान्य माणसांशी ताडून पाहिल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट निघालं. अल्झायमरचं तर पाच पट. पुढे २०२१ मध्ये त्यांनी कोण कुठल्या जागेवर खेळायचा ते पाहिलं. बचावपटूंना धोका सगळ्यांत जास्त, जवळपास पाच पट. गोलकीपरना मात्र तुमच्या-आमच्याइतकाच! मैदान तेच, धावपळ तीच, ड्रेसिंग रूम तीच. गोलकीपर बॉल हाताने घेतो, डिफेंडर डोक्याने.

मी हायर सेकंडरीत बायोलॉजी शिकवते, म्हणून थोडं वर्गातलं सांगते. मेंदू कवटीत पाण्यावर तरंगत असतो. झटका बसला की तो आत हेलकावतो आणि पेशींचे लांब तंतू ताणले जातात. त्या तंतूंच्या आत बारीक नळ्या असतात आणि त्यांना घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव टाऊ. वारंवार ताण बसला की टाऊ सुटतं, चुकीच्या घड्या पडून त्याचे गुंते होतात. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत हे गुंते वळ्यांच्या खोल खाचांमध्ये, लहान रक्तवाहिन्यांभोवती सापडले. आता काही फुटबॉलपटूंच्या मेंदूतही सापडलेत. भोवळ येण्याइतका मार लागायलाच हवा असं नाही, लहान लहान झटकेही साचत जातात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान काडीसारखी. हेलकावा जास्त.

अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद आहे. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांचा सरावातला हेडर बंद केला. ज्यांनी हा खेळ जगाला दिला ते थांबले, आपण का नाही?

शिटी_मास्तर:
तो कोच मीच. नाव घेतलं नाहीत, देव बरें करूं.

बाई, तुम्ही वर्गातलं सांगितलंत, मी मैदानावरचं सांगतो. हेडर शिकवायचा म्हणजे डोळे उघडे, हनुवटी आत, मान ताठ, बॉल कपाळाच्या सपाट भागावर. हे अंगात मुरायला वर्षं लागतात. नवव्या वर्षी शिकवलं नाही तर तोच पोरगा तेराव्या वर्षी मॅचमध्ये डोळे मिटून उडी मारणार. मग बॉल टाळूवर, नाहीतर समोरच्याची कोपर कानशिलात. माझ्या पंचवीस वर्षांत पोरं जखमी झाली ती डोक्यावर डोकं आपटून नाहीतर गोलपोस्टला धडकून. हेडर मारून एकही नाही.

दुसरं, तुमच्या स्कॉटलंडच्या खेळाडूंनी वीस वीस वर्षं रोज तेच केलं, तेही चामड्याच्या बॉलने. पाणी पिऊन तो दगड व्हायचा. आपली पोरं आठवड्यातून दोनदा येतात, त्यात एकदा पाऊस पडतो.

तिसरं म्हणजे तुम्ही पोराला घरी न्याल आणि तो हातात मोबाइल घेऊन बसेल. त्या मेंदूचं काय ते पण सांगा.

वाळपईवाला:
आमच्या वेळी चिखलात नारळासारखा जड बॉल डोक्यावर घ्यायचो. काय झालं आम्हाला? (हा प्रश्न मी आज तिसऱ्यांदा विचारतोय असं बायको म्हणते.)

सांखळीकरीण:
मास्तर, राग नको. पण चामड्याचं म्हणाल तर कोरड्या बॉलचं वजन तेव्हाही साधारण ४१० ते ४५० ग्रॅमच होतं, आजही तेवढंच आहे. आजचा पाणी पीत नाही हे खरं, पण जोरात येतो. आणि २०२१ च्या त्याच अभ्यासात खेळाडू कुठल्या दशकात जन्मला यावरून धोका कमी-जास्त झालेला दिसला नाही. तंत्र शिकवायला फुगा घ्या, स्पंजचा बॉल घ्या. मान ताठ ठेवायला साडेचारशे ग्रॅम कशाला?

आकडेमोड्या:
मी ना कोच ना पालक. पण ‘साडेतीन पट’ ऐकलं की छातीत धस्स होतं, म्हणून मूळ आकडे लिहितो. त्या अभ्यासात मेंदू झिजवणाऱ्या आजाराने मेलेले खेळाडू १.७ टक्के आणि सामान्य माणसं ०.५ टक्के. शंभरात पावणेदोन. बाकी अठ्ठ्याण्णव दुसऱ्याच कशाने गेले, किंवा अजून आहेत. आणि त्याच कागदावर पुढे काय आहे? हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे वीस टक्क्यांनी कमी, फुप्फुसाच्या कॅन्सरचं जवळपास निम्मं. सत्तरीपर्यंत एकूण मरणंच कमी. ही ओळ कुणी फॉरवर्ड करत नाही.

२०२३ मध्ये स्वीडनचा अभ्यास आला, पहिल्या डिव्हिजनचे ६,००७ खेळाडू. तिथे धोका साडेतीन पट नाही, दीड पट. गोलकीपर तिथेही सुटले, हे मान्य करतो. म्हणजे हेडरवर संशय घ्यायला जागा आहे. पण दोन्ही अभ्यास वरच्या पातळीवर खेळलेल्या पुरुषांचे. नऊ वर्षांच्या पोराबद्दल त्यातून थेट काहीच निघत नाही, आणि त्यावरून बंदी मागणं म्हणजे सासष्टी तालुक्यातला पाऊस मोजून सत्तरी तालुक्यात पेरणी करणं.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. सगळी टाळली तर स्मृतिभ्रंशाची ४५ टक्के प्रकरणं टळू शकतात. त्यात डोक्याला मार आहे, तशी शारीरिक निष्क्रियताही आहे. एक टाळताना दुसरीत पडू नका.

सांखळीकरीण:
मी फुटबॉल बंद करा म्हटलंच नाही हो! फक्त हेडर. धावू द्या की दिवसभर.

आणि थेट पुरावा हवा तर स्टर्लिंग विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग बघा. खेळाडूंना एकामागून एक २० हेडर मारायला लावले आणि लगेच चाचणी घेतली. स्मरणशक्तीची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली.

आकडेमोड्या:
खेळाडू किती होते ते पण लिहा. १९. सगळे मोठे. आणि २४ तासांत सगळं पूर्ववत.

सांखळीकरीण:
आमचा सराव रविवारी संध्याकाळी असतो. सोमवारी सकाळी गणिताचा पेपर असतो.

रात्रपाळी:
मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, म्हणून दोन्ही बाजूंना एक विचारते. परवा मैदानावर तुमची पोरं आली कशी? मी सांगते. स्कूटरवर पुढे उभं एक, मागे एक, बाबांचं हेल्मेट आरशाला लटकलेलं. पुढच्या वळणावर पोलीस दिसला की डोक्यावर. गोव्यात डोकी फुटून येतात ती रस्त्यावरून, आणि त्यात हेल्मेट नसलेले किती ते मला डोळे मिटून सांगता येईल. एका रात्रीच्या अपघातात मेंदूला जे होतं ते हजार हेडर्सनी होणार नाही. जो वाचतो त्याच्या घरच्यांना विचारा. माणूस चालतो, जेवतो, पण पूर्वीचा राहत नाही. चिडतो, विसरतो, रडतो. शेजारी म्हणतात, आता बरा आहे ना.

हेडर बंद करा नाहीतर चालू ठेवा. आधी त्या साडेतीन फुटी पोराच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट घाला.

शिटी_मास्तर:
सिस्टर, दंडवत. आजच्या धाग्यातलं कामाचं एवढंच.

थोरल्याचा_धाकटा:
बरेच दिवस इथे फक्त वाचत होतो, आज लिहितो. माझा थोरला भाऊ सेंटर-हाफ होता. क्लबचं नाव नको. गोव्यातल्या बांदोडकर ट्रॉफी स्पर्धेत खेळलाय. त्या काळी सेंटर-हाफचं काम एकच, वरून आलेलं सगळं डोक्याने परत पाठवायचं. पावसाळा असो, चिखल असो. भात कापलेल्या शेतातसुद्धा तो एकटाच तासभर बॉल उडवून डोक्यावर घेत राहायचा. आई ओरडायची, डोकं आहे की उखळ?

आता तो अठ्ठ्याहत्तरचा आहे. सकाळची पेज जेवून हात धुतो आणि विचारतो, पेज कधी देणार? पण त्या ट्रॉफीत कॉर्नर कुणी घेतला, बॉल कुठून वळला, समोरच्या फॉरवर्डच्या बुटाला कसली नाडी होती, सगळं पाठ. डॉक्टर म्हणाले, नवीन आठवणी साठवणारा भाग आधी जातो, जुन्या मागाहून जातात.

मी विचारलं, हेडरमुळे का? डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, तुमच्या भावाला पंचवीस वर्षांचा मधुमेह आहे, रक्तदाब आहे, स्कॅनमध्ये बारीक रक्तवाहिन्या बंद झालेल्या दिसतात, कानाला ऐकू येत नाही आणि यंत्र तो लावत नाही. यात फुटबॉलचा वाटा किती, हे जिवंतपणी कुणी सांगू शकत नाही. त्या मुष्टियोद्ध्यांच्या आजाराचं पक्कं निदान मरणानंतर मेंदू तपासूनच होतं.

त्यामुळे बाई, मी तुमच्या बाजूने ओरडू शकत नाही. मास्तरांच्याही बाजूने नाही. दादाला विचारलं असतं तर तो पुन्हा तोच खेळ खेळला असता, हे मला माहीत आहे. पण विचारायची वेळ गेली, आणि नवव्या वर्षी तर त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

वाळपईवाला:
भाऊ, वरचा विनोद मागे घेतो.

रात्रपाळी:
भाऊ, दादांना कोण सांभाळतं? तुम्ही आणि वहिनी? मग एक ऐका. आपल्याकडे अजून ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. २०११ च्या जनगणनेतच गोव्यात साठीपुढचे ११.२ टक्के होते, देशात ८.६. म्हणजे हे घरोघर येणार आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातच ८१ कुटुंबं घेऊन एक चाचणी केली होती, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध काही नवीन नव्हतं. शिकवलेला माणूस घरी जायचा, आजार समजावायचा, चिडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते दाखवायचा. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्ट कमी झाला. तुम्ही स्वतः बोलायला कुणीतरी गाठा. आणि कानाच्या यंत्राचा नाद सोडू नका. त्या १४ कारणांत कानाचा वाटा सगळ्यांत वरच्यांपैकी आहे, डोक्याच्या मारापेक्षा दुप्पट.

थोरल्याचा_धाकटा:
वहिनी दोन वर्षांपूर्वी वारली. रोज संध्याकाळी ती कुठे गेली ते विचारतो. पहिले काही महिने मी खरं सांगायचो. आता सांगतो, देवळात गेलीय.

आकडेमोड्या:
भाऊ, यावर माझ्याकडे आकडा नाही.

मूळ वादाला मात्र एक द्यायचा राहिला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मायकल लिप्टन यांनी ३७ हौशी खेळाडूंचे स्कॅन केले. वर्षाला साधारण ८८५ ते १,५५० हेडर्सच्या पुढे गेलेल्यांच्या मेंदूतल्या तंतूंमध्ये बदल दिसले, त्याखाली नाही. लहान अभ्यास, मोठी माणसं, मान्य. पण ‘एकही नको’ आणि ‘कितीही चालतील’ यांच्या मध्ये निदान मोजता येईल असं काहीतरी आहे. कुणी मोजलेत का?

सांखळीकरीण:
मोजले. काल वही घेऊन बसले होते. माझ्या मुलाचे सरावात १७, नंतरच्या छोट्या मॅचमध्ये २. मॅच सोडूनच देऊ. आठवड्यातून दोन सराव, वर्षाचे चाळीस आठवडे धरले, परीक्षा आणि चवथ वगळून. झाले १,३६०.

शिटी_मास्तर:
त्या स्कॅनवाल्या खेळाडूंचे बॉल लांबून लाथ मारलेलेही असणार, माझे तीन मीटरवरून हाताने टाकलेले. दोन्ही एका तराजूत घालू नका. पुढच्या रविवारपासून चार नंबरचे बॉल आणतो, कमिटीने पैसे दिले तर. आणि रांग एकदाच फिरवीन, दोनदा नाही. बंद मात्र करणार नाही.

आणि त्या सतरातले सहा तुमच्या पोराच्या डोक्यावरून मागे गेले, बाई. तेही मोजलेत काय?